अकरा रात्रींचा पाहुणा

मोठ्या घरच्या माणसांना एक खोड असते. त्यांच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली आहेत, म्हणून अधिकाराने सांगते. जगात काय वाटेल ते होवो, रीत मोडायची नाही. या खोडीचा मला तेव्हाही राग यायचा, आणि आज हे सांगताना तर जास्तच येतोय.

मी आल्विना प्रिब्नो. जर्मनीत, पोमेरेनियातल्या फॉन लासेंटिन घराण्याच्या हवेलीत चूल, कोठार आणि चार मोलकरणी माझ्या ताब्यात असायच्या. अशा बाईला आमच्याकडे ‘मामसेल’ म्हणतात. पोरंटोरंसुद्धा मला मामसेलच म्हणायची. माझं खरं नाव फक्त थोरल्या बाईसाहेब घ्यायच्या. ओटिली फॉन लासेंटिन. वय त्र्याहत्तर, पाठ ताठ, आणि तोंडात आयुष्यात कधी खोटा शब्द नाही. पाहुण्याने मासा कसा झालाय विचारलं तर सरळ सांगायच्या, ‘खारट झालाय.’ आणि मी तिथेच उभी!

चव्वेचाळीसच्या जुलैत हिटलरच्या बैठकीत बॉम्ब फुटला आणि तो वाचला, हे आम्ही रेडिओवर ऐकलं. तेव्हा बाईसाहेब वाटाणे सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. दोन दिवसांनी डेटलेवला नेलं. डेटलेव म्हणजे त्यांचा मुलगा, घरचा धनी. आणखी चार दिवसांनी सूनबाईंना नेलं, आणि त्यांच्या दोन लेकरांना वेगळ्या गाडीतून. हेनिंग सात वर्षांचा आणि डॉर्टे चारची. न्यायला आलेली बाई म्हणाली, पोरांना आता नवीन आडनाव मिळेल, जुनं विसरायचं. डॉर्टेने तिला विचारलं, ‘मग माझ्या बाहुलीचं पण बदलणार का?’ बाईने तिला उचलून गाडीत बसवलं. मी मागच्या दाराशी जाऊन इतकी रडले की मोलकरणींनी मला पाणी पाजलं.

त्याच दिवशी दुपारी मालवे सायकल मारत आली. मालवे ही बाईसाहेबांची लेक, अठरा किलोमीटरवर तिची शेतीवाडी. नवरा गेरो लष्करात कॅप्टन, पदरी तीन पोरं. मी तिला तान्ही असल्यापासून खेळवलेलं. ती सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि दार लावून घेतलं.

‘‘आई, गेरोला काल सहा तास बसवून ठेवलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘त्याने सांगितलंय, मे महिन्यातल्या पेंटेकॉस्टच्या सणाला तो छावणीतच तापाने पडून होता. डॉक्टरने तसं लिहूनही दिलंय. तेव्हा तो इथे आलाच नव्हता, कळलं? डेटलेवबरोबर ते जे बाकीचे तिघं होते ना, त्यांना तो ओळखतही नाही.’’

‘‘बरं,’’ बाईसाहेब म्हणाल्या.

‘‘बरं काय बरं!’’ माझा आवाज चढला. ‘‘पुस्तकात सही आहे ना त्यांची!’’

मालवे मटकन स्टुलावर बसली.

आता हे पुस्तक म्हणजे काय ते सांगते, आणि ऐकून हसू नका. दिवाणखान्यात, पुढच्या दारासमोर एक गोल टेबल होतं. त्यावर हिरव्या कातड्याच्या बांधणीचं पाहुण्यांचं पुस्तक. आमच्याकडे दोन रात्री राहिलेला माणूस त्यात सही केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, मग तो राजपुत्र असो नाहीतर लग्न होऊन गेलेली लेक. बाईसाहेब स्वतः लेखणी हातात द्यायच्या. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून, एकूण एका पाहुण्याला, बावन्न वर्षं. तर ही चार शहाणी माणसं पेंटेकॉस्टला आमच्याकडे आली. दारं-खिडक्या लावून तीन दिवस खलबतं केली, मला म्हणाले मामसेल तूसुद्धा आत येऊ नकोस. आणि निघताना? निघताना रांगेत उभे राहून सह्या केल्या! एकाखाली एक, तारखेसकट! देशाच्या धन्याला मारायचा बेत करून आलेली माणसं ही. मी आपली बशा आवरत होते, मला काय ठाऊक. त्या चौघांतले दोघं आता पकडले गेले होते आणि एकाने स्वतःला गोळी घालून घेतली होती. चौथा गेरो.

‘‘द्या इकडे,’’ मी म्हटलं. ‘‘चूल पेटलेलीच आहे. पाच मिनिटांचं काम.’’

‘‘नाही,’’ बाईसाहेब म्हणाल्या.

‘‘आई!’’ मालवे ओरडली.

‘‘नीट ऐका. या जिल्ह्याचा पक्षप्रमुख छत्तीस साली इथे राहून गेलाय. त्याने त्यात अर्धं पान भरून लिहिलंय. त्या पुस्तकाविषयी त्याने शंभर जणांना सांगितलं असेल. उद्या टेबल रिकामं दिसलं तर पहिला प्रश्न काय येईल? आणि पानांवर माझ्या सासऱ्यांनी आकडे घातलेत. एक पान फाडलं तरी कळेल.’’

‘‘मग लपवू या ना,’’ मी म्हटलं. ‘‘पिठाच्या पिंपात घालते.’’

‘‘पिठाचं पिंप ते आधी उपसतील, आल्विना. ते लपवलेलं शोधायला येणार. उघड्यावर पडलेलं कोण बघतो? राहू दे तिथेच.’’

मालवे घरी गेली. जाताना माझा हात धरून म्हणाली, ‘‘मामसेल, त्या पुस्तकावर लक्ष ठेव. माझ्या पोरांची आडनावं त्यात आहेत असं समज.’’ हे तिला सांगायची गरज नव्हती. डॉर्टेचा प्रश्न माझ्या कानातून जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी श्ट्रेम्पेल आला.

गेस्टापोचा अधिकारी म्हटल्यावर मला वाटलं होतं, कुणीतरी राक्षस येणार. आला तो पंचेचाळिशीचा, गुबगुबीत हाताचा, नखं कापून गुळगुळीत केलेला माणूस. बरोबर दोन हाताखालचे आणि एक ड्रायव्हर. बूट पुसून आत आला मेला! बाईसाहेबांपुढे वाकला आणि म्हणाला, ‘‘गैरसोयीबद्दल क्षमा असावी.’’ मग त्याची माणसं जिन्याखालच्या फळ्या उचकटायला लागली.

तो डेटलेवच्या खोलीत झोपायला लागला. दोन दिवसांत जाईल म्हटलं तर तिसरा उजाडला, चौथा उजाडला. त्यांनी काय काय उपसलं सांगू! चिनी मातीच्या शेगड्यांच्या धुरांड्यात हात घातले. गाद्या फाडल्या, माझी लोणच्याची बरणी चाळणीतून ओतली, तबेल्याची फरशी खणली, कुटुंबाच्या कबरीवरचे दगडसुद्धा सरकवले. आणि ते पुस्तक? ते तिथेच टेबलावर पडलेलं. रोज सकाळी ती माणसं आत आली की आपल्या टोप्या काढून त्याच्यावर ठेवायची! मी भाजीची टोपली घेऊन तिथून गेले की माझी नजर आधी त्या टोप्यांखाली जायची. बाईसाहेबांचं खरं होतं, कुणी बघत नव्हतं. पण आज बघितलं नाही म्हणजे उद्या बघणार नाही, असं थोडंच आहे?

त्या दिवसांत मी एक काम धड केलं नाही. दूध उतू जाऊ दिलं, तीनदा. एकदा ब्रेडच्या पिठात मीठच घातलं नाही. पाय एका जागी ठरायचा नाही. चुलीपासून दिवाणखान्याच्या दारापर्यंत माझ्या इतक्या फेऱ्या व्हायच्या की धाकटी मोलकरीण म्हणाली, ‘‘मामसेल, तुम्ही बसा ना जरा, मला गरगरायला लागलं.’’ मी तिच्यावर इतकी खेकसले की ती बिचारी दिवसभर माझ्यापुढे आली नाही. बाहेर शेतात रायचं पीक कापायला आलं होतं, माणसं कमी, पोलंडचे मजूर आणि म्हातारे मिळून कापत होते. एरवी मी शेतावर ताक घेऊन जायचे. त्या वर्षी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. मी नसताना कुणी ते पुस्तक उघडलं तर? आणि मी असताना उघडलं तर मी काय करणार होते, हेही मला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी न राहवून मी ते पुस्तक एप्रनखाली घेतलंच. दाराशी पोचले तोच मागून आवाज आला.

‘‘परत ठेव, आल्विना.’’

‘‘बाईसाहेब, माझा जीव टांगणीला लागलाय!’’

‘‘माझा लागला नाही असं वाटतं तुला?’’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. ‘‘ठेव.’’

ठेवलं. काय करणार?

पण मला खरा संताप यायचा तो संध्याकाळी. बाईसाहेब त्या श्ट्रेम्पेलबरोबर जेवायला बसायच्या. रोज! काळा रेशमी झगा घालून, मेणबत्त्या लावून. त्याला आधी वाढायचं, मग स्वतः घ्यायचं. झोप कशी लागली विचारायचं. एका सकाळी मी त्यांना म्हटलं, ‘‘तुमच्या पोटच्या पोराला कोठडीत घालणारा हा माणूस. त्याला झोप कशी लागली विचारता? मी तर त्याच्या सुपात थुंकले असते.’’

‘‘थुंकू नकोस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तो माझ्या छपराखाली झोपतो. जोवर झोपतो तोवर तो पाहुणा. मी एकदा का त्याला दुसरं काही समजायला लागले, तर माझा चेहरा मला आवरणार नाही, आल्विना. मला दुसरं काही जमत नाही. वाढणं जमतं, झोपेचं विचारणं जमतं. तेवढंच धरून बसलेय मी.’’

थुंकले नाही, पण मीठ जास्त घातलं.

आणि तो? तो या पाहुणचारावर फुलत चालला होता. सातव्या रात्री वाइन जरा चढली तेव्हा सांगायला लागला, की त्याचा बाप एका सरदाराकडे गाडीवान होता. चाळीस वर्षं नोकरी केली, पण पुढच्या दाराने एकदाही आत गेला नाही. ‘‘आणि मी बघा,’’ असं म्हणून त्याने ग्लास उचलला. मला एक क्षण त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या क्षणी हेनिंग आणि डॉर्टे आठवले आणि कीव गेली.

अकरा रात्री झाल्या. बाराव्या दिवशी सकाळी त्याच्या माणसांनी खोकी गाडीत भरली. सापडलं काय होतं? शिकारीच्या वह्या आणि घोड्यांची वंशावळ. बस्स. मी दिवाणखान्यात उभी होते, हातात वाटेसाठीच्या जेवणाचं पुडकं. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, म्हणून तेही माझ्याकडून बांधून घेतलं होतं. माणसं बाहेर गाडीपाशी, आत आम्ही तिघंच. माझ्या मनात एकच चाललं होतं, जा बाबा, जा आता, उंबरा ओलांड.

श्ट्रेम्पेलने बाईसाहेबांच्या हाताचं चुंबन घेतलं. म्हणाला, ‘‘या घरात मुलाव्यतिरिक्त कुणाविरुद्ध काही मिळालं नाही, असं मी लिहीन. तुमच्या वयाकडे बघून तुम्हाला त्रास होणार नाही, हेही बघीन.’’

‘‘आभारी आहे,’’ बाईसाहेब म्हणाल्या.

तो दाराकडे वळला. त्याचा एक पाय उंबऱ्याजवळ होता. आणि मागून बाईसाहेबांचा तो नेहमीचा, गोड, बावन्न वर्षांचा आवाज आला—

‘‘आपली सही राहिली, श्ट्रेम्पेलसाहेब. आपण अकरा रात्री राहिलात.’’

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या मला दिसल्या तशा मी मरेपर्यंत विसरणार नाही. हात आधीच पुढे गेला होता, बोटांत लेखणी होती, आणि चेहऱ्यावरून रक्त उतरत होतं. तोंडाने आपलं काम करून टाकलं होतं, आणि बाईसाहेबांचं भान मागून पोचलं होतं.

‘‘सही? माझी?’’ श्ट्रेम्पेल म्हणाला. तो लाल झाला, एखाद्या नवऱ्या मुलासारखा. टोपी काखेत धरून तो टेबलाशी आला. ‘‘या पुस्तकात?’’

त्याने आधी जुनी पानं उलटली. कुणी सेनापती, कुणी राजकन्या, नावं वाचत तोंडाने नुसतं ‘अहाहा, अहाहा’ करत होता. मग त्याने पुस्तकातली फीत धरली, आणि फीत होती शेवटच्या लिहिलेल्या पानावर. पेंटेकॉस्टनंतर आमच्याकडे दोन रात्री कोण राहणार होतं?

बाईसाहेबांनी टीपकागद उचलला आणि पान उघडताक्षणी वरच्या अर्ध्या भागावर ठेवला. ‘‘आपल्या बाहीला शाई लागेल,’’ त्या म्हणाल्या. तळवा वर घट्ट दाबलेला. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो मजकूर जुळवण्यात गुंग झाला होता. जीभ ओठांवर फिरवत, शाळकरी मुलासारखा, त्याने सावकाश लिहिलं. मी ते नंतर वाचलं. ‘या थोर घरातील अविस्मरणीय अकरा दिवसांबद्दल अंतःकरणपूर्वक आभार. आपला सदैव ऋणी, रूडॉल्फ श्ट्रेम्पेल.’ आणि खाली एक लांबलचक फराटा.

‘‘सुंदर,’’ बाईसाहेब म्हणाल्या. ‘‘मी वाळवते.’’

पण त्याला कुठली घाई! त्याने स्वतःच टीपकागद त्यांच्या हाताखालून ओढला आणि आपल्या अक्षरांवर ठेवला. वरची चार नावं उघडी पडली.

तो वाचत राहिला. एकदा, दोनदा. बाहेर ड्रायव्हरने भोंगा वाजवला. माझ्या हातातलं पुडकं खाली पडलं आणि उकडलेली अंडी जमिनीवर गडगडत गेली. कुणी वळून पाहिलं नाही.

‘‘दार लाव,’’ तो मला म्हणाला. मी लावलं.

‘‘गेरो फॉन यागेलित्स,’’ त्याने वाचलं. ‘‘अठ्ठावीस मे. ज्याला छावणीत ताप आला होता तो.’’ मग बोट खाली आणलं, स्वतःच्या नावावर. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. सदैव ऋणी! ज्यांना फासावर द्यायचं त्यांच्याच खाली, त्यांच्याच पानावर! त्या दिवसांत यापेक्षा कमी कारणासाठी माणसं गायब होत होती, आणि हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

त्याने बाईसाहेबांकडे पाहिलं. ‘‘हे तुम्ही मुद्दाम केलंत?’’

आता बघा. खरं उत्तर काय होतं? ‘नाही, मी विसरले.’ ते दिलं असतं, तर बोलाचाली तिथेच संपली असती. आपल्या दोन ओळींवर शाई ओतायची, पान खिशात घालायचं, की झालं काम. गेरो फासावर, मालवे कोठडीत, आणि तिन्ही पोरं नव्या आडनावाने कुठेतरी. श्ट्रेम्पेलला बढती. मला हे सगळं तेव्हा इतकं स्पष्ट कळलं नाही, मी भीतीने नुसती थिजले होते. पण बाईसाहेबांना कळलं.

‘‘हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मुद्दाम.’’

‘‘काय?’’

‘‘अकरा दिवस मी तुम्हाला त्यासाठीच जेवू घातलं. नाहीतर तुमच्यासारख्या माणसाबरोबर मी एका टेबलावर बसले असते, असं वाटलं तुम्हाला? दोन माणसांना मी आधीच कळवून ठेवलंय, की तुम्ही जाल तेव्हा या पानावर तुमचंही नाव असेल. त्यावर तुम्ही काय लिहिणार, याचासुद्धा मला अंदाज होता. हे पान बर्लिनला गेलं, की ती माणसं तुमच्या वरिष्ठांना विचारतील, शाईच्या डागाखाली काय आहे ते. त्यांची नावं मी सांगणार नाही. माझं वय बघता, तुम्ही विचारत बसलात तरी फार वेळ मिळणार नाही तुम्हाला.’’

शब्द न् शब्द खोटा! आवाज तोच, मासा खारट झालाय सांगणारा. त्याने विश्वास का ठेवला? त्यांच्या तोंडून कुणी कधी खोटं ऐकलंच नव्हतं, आणि ते त्यांच्याकडे बघून कळायचं. शिवाय पुढच्या दाराने आत घेतलं म्हणून जो फुलला होता, त्याला ते कसं झोंबलं असेल! त्याचं तोंड कसनुसं झालं. मारेल की काय वाटलं. मग तो माझ्याकडे वळला.

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘मी स्वयंपाकीण,’’ मी म्हटलं. ‘‘मला वाचता येत नाही.’’ येत होतं. मी भ्याले होते. ‘हो, मलाही माहीत होतं’ असं म्हणायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

‘‘चूल कुठाय?’’

त्याने ते पुस्तक माझ्या स्वयंपाकघरात आणलं. मला हुकाने चुलीच्या तोंडावरची लोखंडी कडी उचलायला लावली. आधी ते एक पान गेलं. मग त्याच्या लक्षात आलं, खालच्या पानावर लेखणीचा दाब उमटला असेल. तेही गेलं. मग आकडे घातलेली पानं गायब असलेलं पुस्तक मागे ठेवणं त्यालाच धोक्याचं वाटायला लागलं असणार. कोट काढून, बाह्या सरसावून त्याने सगळंच घालायला सुरुवात केली. एकशे तेहतीस वर्षांचे पाहुणे. कातड्याचा घाण वास सुटला. बाईसाहेब टेबलाला टेकून उभ्या होत्या आणि प्रत्येक पान आत जाताना बघत होत्या. एकदा मात्र त्यांनी डोळे मिटले. त्या पानावर डेटलेवच्या बारशाचे पाहुणे असावेत, तारीख मला ओझरती दिसली.

सगळं संपल्यावर त्याने हात धुतले, कोट घातला आणि म्हणाला, ‘‘चल म्हातारे. तुझ्या वयाचं आता मी काही लिहिणार नाही.’’

मी त्यांना कोट चढवायला गेले. कोपऱ्यात, कपाटाआड. बटणं लावताना त्यांचं तोंड माझ्या कानाशी होतं.

‘‘मी विसरले गं, आल्विना,’’ त्या कुजबुजल्या. ‘‘साफ विसरले. तो निघाला आणि माझ्या तोंडातून गेलं.’’

‘‘मला माहीत आहे,’’ मी म्हटलं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, बटण सापडत नव्हतं.

‘‘मालवेला सांगू नकोस. आईच्या वेंधळेपणाने तिच्या नवऱ्याचा जीव जात होता, हे पोरीला कळायला नको. मला त्याची लाज वाटते.’’

‘‘नाही सांगणार,’’ मी म्हटलं.

गाडी गेली. डेटलेवला सप्टेंबरात फाशी दिली. बाईसाहेब आधी श्टेटिनच्या तुरुंगात होत्या, मग कुठल्याशा छळछावणीत नेलं, आणि जानेवारीत त्या थंडीने गेल्या. गेरोला पुन्हा कुणी बोलावलं नाही. युद्ध संपल्यावर सूनबाई सुटल्या, आणि दोन्ही पोरं त्यांना सापडली, आपल्या आडनावासकट. आम्ही बाकीचे रशियन फौजेपुढे पळत पळत पश्चिमेला होल्श्टाइनला आलो. निर्वासितांच्या बराकीत मी, मालवे, गेरो आणि त्यांची तीन पोरं, मध्ये एक घोंगडीचा पडदा.

बाईसाहेबांचं खोटं एव्हाना सगळीकडे पसरलं होतं. त्यांच्या कोठडीतली एक बाई सुटून आली, तिने सांगितलं होतं. बाईसाहेबांनी तिलाही तेच सांगितलेलं, मी मुद्दाम केलं म्हणून. लोक कौतुक करायचे, काय धूर्त म्हातारी, गेस्टापोला सापळ्यात पकडलं! मालवे ते ऐकून हसायची नाही. मला वाटायचं, दुःखामुळे असेल.

परवा आम्ही दोघी सलगम सोलत बसलो होतो. पाद्रीबाई येऊन पुन्हा तेच कौतुक करून गेल्या. त्या गेल्या आणि मालवेने सुरी टेबलावर आपटली.

‘‘पुरे झालं!’’ ती म्हणाली. ‘‘जुगार खेळली आई. माझ्या नवऱ्यावर आणि माझ्या पोरांवर. तो निघाला होता ना, मामसेल? दारात पोचला होता! गप्प राहिली असती तर गेला असता. पण नाही, तिला त्याची जिरवायची होती! त्याने पान उचलून नेलं असतं तर? माझ्या धाकटीला आज मी सापडले असते का? मी तिला माफ नाही करू शकत. तीन वर्षं प्रयत्न करतेय.’’

तीन वर्षं! आणि मी शेजारी बसून सलगम सोलत होते. वचन दिलं होतं ना मी. माझ्याही अंगात त्या घरची खोड शिरली होती, दुसरं काय.

‘‘तुझी आई विसरली होती,’’ मी म्हटलं.

‘‘काय?’’

‘‘विसरली. बावन्न वर्षांच्या सवयीने तोंडातून गेलं. मी तिचा चेहरा बघितलाय, मालवे. आणि कोट घालताना तिने मला सांगितलं. तुला सांगू नको म्हणाली, तिला लाज वाटत होती.’’

मालवे माझ्याकडे बघतच राहिली. ‘‘खोटं. त्याने विचारलं तेव्हा ती मुद्दाम केलं म्हणाली. आई कधी खोटं बोलायची नाही. तुलाही माहीत आहे.’’

‘‘एकदा बोलली,’’ मी म्हटलं. ‘‘विसरले म्हणाली असती तर तो तिला घरी सोडून तुम्हाला घेऊन गेला असता. मुद्दाम केलं म्हटल्यावर तो आपल्याला सोडणार नाही, हे तिला ठाऊक होतं, तरी बोलली. आणि इतकं चोख बोलली बघ, की तूसुद्धा फसलीस.’’

तिचे हात सलगमाच्या पाण्याने ओले होते. तेच तिने तोंडावर घेतले. ‘‘आई गं,’’ एवढंच म्हणाली, आणि मग तिला हुंदका आवरेना. पडद्यापलीकडून धाकटीने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही बाळ, तुझी आई तुझ्या आजीसाठी रडतेय, रडू दे तिला.